लिंबाएवढी म्हणजे केवढी?

मोजणीसाहेबांसमोर "साधारण" हा शब्द काढायचा नाही, हे त्यांच्या इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जन्म गेला माणसाचा लोकांच्या जमिनी मोजण्यात. निवृत्तीनंतर जमिनी गेल्या, मोजणी राहिली. एकदा दूधवाला म्हणाला, "उद्या साधारण सहाला येतो." साहेबांनी त्याला दारातच उभं केलं आणि विचारलं, "सहाच्या अलीकडे की पलीकडे?" तेव्हापासून तो बिचारा पिशवी दाराच्या कडीला अडकवतो, बेल दाबतो आणि जिन्यावरून पळत सुटतो.

तर असा हा माणूस अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनांच्या फेऱ्यात सापडला. आणि दवाखान्यातल्या सिस्टरनं त्यांना हसतमुखानं विचारलं, "आजोबा, मागच्या इंजेक्शनची सूज केवढी आली होती? सुपारीएवढी की लिंबाएवढी?"

साहेब खुर्चीत ताठ झाले. "कुठलं लिंबू?"

"कुठलं म्हणजे? आपलं नेहमीचं लिंबू."

"नेहमीचं कुणाचं? बाजारात गोटीएवढं लिंबू मिळतं आणि मुठीएवढंही मिळतं. शिवाय लिंबू काही सगळीकडून सारखं नसतं. त्याची लांबी धरायची की रुंदी?"

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. मागे बाकावर बसलेले एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, मधलं लिंबू सांगा आणि उठा की!" साहेबांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. रात्रीतून शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्या माणसाकडे ते नोकरीत असताना असंच पाहायचे.

आता तुम्ही म्हणाल, या वयात या माणसाला इंजेक्शनं घ्यायची हौस कुठून आली? हौस नव्हे हो. एका मांजरानं आणली.

साहेबांची लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. जावई बोटीवर, म्हणजे कायम समुद्रात. घरात लेक, सहा वर्षांची नात आणि फौजदार. फौजदार म्हणजे ते मांजर. अंगानं करडं, पोटावर कमरपट्ट्यासारखा काळा पट्टा, आणि सवय अशी की दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची. पिशवी हुंगायची, चपला हुंगायच्या, मग बाजूला होऊन जाऊ द्यायचं. साहेबांची झडती सुरू झाली की त्यांना शिंक यायची. एक नव्हे, मालगाडी. एका डब्यामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा, शेवट कुठे दिसायचाच नाही. डोळे सुजायचे, नाकाला धार लागायची, आणि चहाचा कप निवायच्या आत साहेब बाहेर जिन्यावर. नातीशी सगळ्या गप्पा जिन्यावर, भेटवस्तू जिन्यावर, तिच्या वाढदिवसाची टाळीसुद्धा त्यांनी जिन्यावरूनच वाजवलेली. त्यांची बायको, जिला सगळी इमारत काकू म्हणायची, ती मात्र आत पंख्याखाली बसून गार पाणी प्यायची आणि फौजदाराची पाठ खाजवायची.

एके दिवशी नातीनं शाळेतल्या बाईंना सांगितलं, "माझ्या आजोबांना माझं घर आवडत नाही." बाईंनी लेकीला सांगितलं, लेकीनं काकूंना, आणि काकूंनी संध्याकाळी चहा गाळता गाळता साहेबांना. साहेबांनी तो चहा तसाच ठेवला. शिंका सोसल्या होत्या, सुजलेले डोळे सोसले होते, लोकांचं हसणं सोसलं होतं. हे वाक्य काही सोसवेना. फार लागलं त्यांना ते.

त्यातच लेकीला बढती मिळाली. पण आधी दुसऱ्या गावी जाऊन प्रशिक्षण घ्यायचं होतं, चांगलं लांबलचक. नातीची शाळा इथे, नातीचं घर इथे, फौजदारही इथेच. तिच्याजवळ कुणीतरी जाऊन राहायला हवं होतं.

"मी जाईन," काकू म्हणाल्या. "तुम्ही इथे राहा. डबा लावून देते तुम्हाला."

"मीही येणार," साहेब म्हणाले. "आणि जिन्यावर राहणार नाही. घरात राहणार."

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीणबाई वयानं लेकीएवढ्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. ज्याचा त्रास होतो तेच अगदी थोडं थोडं टोचायचं, हळूहळू वाढवत न्यायचं, शरीराला त्याची सवय होते.

"म्हणजे शत्रूला थोडा थोडा घरात घ्यायचा," साहेब म्हणाले.

"हो. ओळख होईपर्यंत. आता नियम ऐका, काका. इंजेक्शन झालं की अर्धा तास इथेच बाकावर बसायचं. दम लागला, अंगभर पित्त उठलं, तर उठून घरी जायचं नाही, आम्हाला हाक मारायची. दंडावर थोडी सूज, लाली, खाज येणारच, तिला घाबरायचं नाही. गार पाण्याची घडी ठेवा, मी देते ती गोळी घ्या, खाजवू नका, चोळू नका. दुसरं काही म्हणजे काही लावू नका. सूज लिंबाहून मोठी झाली तर आपण डोस वाढवणार नाही, आहे तिथे थांबू. सगळं सुरळीत झालं तर लेक जायच्या आधी पूर्ण डोसपर्यंत पोहोचाल. मग मांजराच्या घरी राहायचा विचार करता येईल."

बघा, किती साधी गोष्ट. एखाद्या सरळ माणसानं ऐकलं असतं, मान डोलावली असती आणि गार पाण्याची घडी ठेवून गप पडून राहिला असता. पण साहेबांच्या डोक्यात त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द अडकला. लिंबू. नातीचं घर एका बाजूला, जिना दुसऱ्या बाजूला, आणि मधली हद्द कशानं ठरणार, तर लिंबानं! ज्याला ना ठराव, ना प्रमाण! सिस्टरशी वाद झाला तो यावरूनच.

त्या दिवशी इंजेक्शन घेऊन घरी आल्याबरोबर साहेबांनी पलंगाखालची जुनी पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात त्यांच्या नोकरीतलं सामान होतं: पारदर्शक नकाशाचा कागद, बारीक टोकाचं पेन, पट्टी, आणि तपकिरी चिकटपट्टीचं एक जाडजूड भेंडोळं. ही पट्टी म्हणजे त्यांचा अभिमान. एकदा कचेरीत छत गळून सगळे कागद वाहून गेले होते, पण या पट्टीनं लावलेला नकाशा भिंतीवरून तसूभर हलला नव्हता, असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत.

त्यांनी दंडावर कागद ठेवला, चारी बाजूंनी पट्टी लावली आणि आरशात बघत सुजेची कड गिरवली. एकदा गिरवून भागणार नव्हतं. सूज सकाळी केवढी, दुपारी केवढी, दुसऱ्या दिवशी केवढी, हे सगळं एकाच कागदावर यायला हवं, म्हणून कागद काढायचाच नाही. अंघोळ हात बाहेर काढून.

"अहो, त्या पट्टीनं कातडी सोलून निघेल," काकू म्हणाल्या.

"काही निघत नाही. नकाशाची पट्टी आहे ही."

"नकाशाला खाज सुटत नाही."

"तू यात पडू नकोस. हे शास्त्र आहे."

काकू पडल्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईला कुठे पडायचं नाही ते कळतं.

पुढच्या खेपेला साहेब तो कागद गुंडाळी करून दवाखान्यात घेऊन गेले. सिस्टरसमोर टेबलावर पसरला. "ही पहिली रेघ संध्याकाळची. ही सकाळची. ही तिसऱ्या दिवशीची, फिकट लाली धरून. उत्तर दिशा वर आहे."

सिस्टर त्या कागदाकडे पाहत राहिली. "आजोबा, हे तर लिंबाहून मोठं आहे."

"आहे," साहेब अभिमानानं म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

डोस वाढला नाही. सिस्टरनं दुसऱ्या दंडावर तोच डोस टोचला आणि साहेब बाकावर जाऊन बसले. त्या बाकाची एक वेगळीच कथा आहे. अर्धा तास झाला की नाही हे ठरवायचं भिंतीवरच्या घड्याळानं, आणि ते घड्याळ धावायला लावलेल्या म्हाताऱ्यासारखं मध्येच थांबून दम खायचं. साहेब आपलं मनगटी घड्याळ दाखवायला गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, दवाखान्यात दवाखान्याचं घड्याळ."

"ते बंद पडलंय."

"चालू होईल. बसा."

साहेब बसले. बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या भिंतीच्या फरशा मोजल्या, आणि एक फरशी तिरकी बसवलेली आहे हे काउंटरवर कळवलं. काउंटरवरच्या मुलीनं आभार मानले नाहीत.

घरी येऊन नवा कागद लावला. या वेळी लाली थेट कागदाच्या कडेपर्यंत गेली. साहेबांना हे अपेक्षित नव्हतं. हद्द कागदाबाहेर जाते म्हटल्यावर कोणताही जाणता मोजणीदार करतो तेच त्यांनी केलं. पुढच्या खेपेला मोठा कागद घेतला. लाली मोठी झाली. त्यांनी आणखी मोठा घेतला. लालीनं तोही भरला. दवाखान्यात डोस आधी थांबला, मग एक पायरी खाली आला. लेकीच्या जायचा दिवस मात्र कुणासाठी थांबत नव्हता.

एव्हाना ही बातमी इमारतभर झाली होती. बातमीला काय, फक्त जिना लागतो. आणि सल्ला द्यायला तर तोही लागत नाही.

पहिल्या आल्या खालच्या मजल्यावरच्या योगवाल्या बाई. "साहेब, सूज म्हणजे काय? खाली उतरलेलं पाणी. हात वर ठेवा, पाणी माघारी जाईल. रोज सकाळी बाल्कनीत, मोकळ्या हवेत." साहेबांना हे पटलं. पाणी उताराकडे वाहतं हे त्यांनी शेकडो शेतांत पाहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एक हात आभाळाकडे करून बाल्कनीत उभे राहिले. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी दचकून हात हलवला. त्यांच्या यजमानांनीही हलवला. पेपरवाल्यानं सायकलवरून सलाम ठोकला. खाली एक टॅक्सी कचकन थांबली आणि ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "कुठे जायचंय, साहेब?" साहेब म्हणाले, "कुठेही नाही." ड्रायव्हर म्हणाला, "मग बोलावलं कशाला?" आणि पुढे बरंच काही म्हणाला. आयुष्यभर घुमा म्हणून ओळखला गेलेला हा माणूस आठवड्याभरात सगळ्या रस्त्याला मनमिळाऊ वाटू लागला. सूज मात्र होती तिथेच.

काकूंना आता राहवेना. दवाखान्यात जायच्या सकाळी शर्टाची बटणं लावून देता देता त्या हळूच म्हणाल्या, "अहो, आज सुपारीएवढी सांगा ना."

"काय सांगू?"

"सुपारीएवढी. कोण बघायला येतंय? पोर वाट बघतेय तुमची. काल फोनवर विचारत होती, आजोबांची उशी कुठली ठेवू म्हणून."

साहेबांनी वरचं बटण स्वतःच लावलं. मग म्हणाले, "मी कुणाच्या बांधावरची बोटभर माती इकडची तिकडे केली नाही. भाऊ-भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोर उभे होते तेव्हा केली नाही. आता स्वतःच्या दंडासाठी करू?"

"तिथे भाऊ होते. इथे नात आहे."

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "आज केवढी?" तेव्हा साहेबांनी तोंड उघडलं. "सु" इथपर्यंत शब्द आलासुद्धा. मग त्यांनी मुकाट्यानं पिशवीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. या वेळचा कागद टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता. खोटं बोलणंही कौशल्याचं काम आहे हो, सवय लागते त्याला.

पुन्हा डोस खाली. आता पूर्ण डोस कसला, आलेली वाट परत चालायची वेळ आली होती.

दोन दिवसांनी, दंडावर नवा कागद लावलेले साहेब पडक्या चेहऱ्यानं जिना चढत होते तेव्हा वरच्या मजल्यावरचे गार्डसाहेब त्यांना आडवे आले. जन्मभर मालगाड्यांना हिरवा झेंडा दाखवलेला माणूस. निवृत्तीनंतर झेंडा गेला तरी समोर येईल त्याला पुढे ढकलायची सवय गेली नव्हती. त्यांनी साहेबांचा दंड पाहिला, जीभ टाळ्याला लावून चुकचुकले आणि म्हणाले, "गार पाणी? कोण म्हणालं गार पाणी? गारठ्यानं सूज आखडून बसते. तिला शेक द्या शेक! मिठाचा. कडक."

"डॉक्टरीणबाईंनी दुसरं काही लावू नका म्हटलंय."

"लावायचं कुठे आहे? शेकायचं आहे. लावणं वेगळं, शेकणं वेगळं."

साहेबांना शब्दांतला हा काटेकोरपणा आवडला. तिथेच घात झाला. काकू बाजारात गेल्या होत्या. गार्डसाहेबांनी तव्यावर मीठ तापवलं, जुन्या मोज्यात भरलं, आणि तो मोजा नकाशाच्या कागदावरून दंडावर दाबला. साहेबांनी दात आवळले. गार्डसाहेब म्हणाले, "चटका बसतोय ना? म्हणजे काम करतोय. सोडू नका!"

शेकानं दोन गोष्टी झाल्या. एक, दंड खांद्यापासून कोपरापर्यंत लालबुंद झाला. दोन, त्या ऐतिहासिक चिकटपट्टीचा डिंक वितळून कातडीत मुरला. काकू पिशव्या घेऊन घरात आल्या, तर नवरा खुर्चीत डोळे मिटून बसलेला, शेजारी वाफाळणारा मोजा, आणि गार्डसाहेब पायात चपला न घालता जिन्याकडे निघालेले.

काकूंनी पिशव्याही खाली ठेवल्या नाहीत. "उठा," एवढंच म्हणाल्या. असा आवाज साहेबांनी लग्न झाल्यापासून मोजक्या वेळाच ऐकला होता. ते उठले.

आजवर साहेब दवाखान्यात जायचे ते इंजेक्शनच्या ठरल्या दिवशी, म्हणजे सूज ओसरल्यावर, आणि निघायच्या आधी कागद सोडवून, दंड धुऊन, स्वच्छ शर्ट घालून. सिस्टर नकाशा बघायची, मग दुसरा दंड पुढे करायला सांगायची. डॉक्टरीणबाईंना तर फक्त आकडा कळायचा. आज पहिल्यांदा सगळा मामला जागच्या जागी त्यांच्यासमोर आला, कागदासकट, पट्टीसकट, मिठाच्या वासासकट. आधी त्यांनी साहेबांचा श्वास तपासला, अंगावर आणखी कुठे काही उठलंय का ते पाहिलं. ते सगळं ठीक होतं. मग बोट रोखून विचारलं, "काका, हे काय आहे?"

"मोजणी," साहेब म्हणाले.

तेल लावून लावून पट्टी सोडवावी लागली. त्या वेळी साहेबांनी जे आवाज काढले ते ऐकून बाहेरच्या बाकावरचे दोघेजण "परत येतो" म्हणून निघून गेले. कागद निघाला. डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला, वाकून पाहिलं, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या.

"सिस्टर, जरा इकडे या. तुम्ही कधी चौकोनी सूज पाहिलीय?"

सिस्टर आली. काकूही पुढे सरकल्या. साहेबांनी मान वळवून खाली पाहिलं. दंडाच्या मधोमध एक लहानसा गोल फुगवटा होता, टोचलेल्या जागी. आणि त्याच्या भोवती, चांगल्या अंतरावर, भाजल्यासारख्या लाल कातडीतही उठून दिसणारी गडद चौकट. चार बाजू, चार कोपरे, काटकोनात. पट्टीच्या रुंदीएवढी रुंद.

"सुजेला कोपरे नसतात, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही तुमच्या पट्टीची लाली आहे. डिंक बाधलाय तुम्हाला. मधली सूज इंजेक्शनची. ती बघा केवढीशी आहे. पहिला कागद केवढा होता तुमचा?"

"लहान. तळहाताएवढा."

"मग?"

"मग हद्द बाहेर गेली, म्हणून मोठा घेतला."

"आणि हद्द?"

"तीही मोठी झाली."

"म्हणजे हद्द बघून तुम्ही कागद घेत होता, आणि कागद बघून हद्द वाढत होती. आणि आम्ही इकडे तुमचा डोस कमी करत बसलो!"

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होते," काकू म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण दार उघडं होतं, आणि बाहेरचे सगळे ऐकत होते. बाकावरून कुणीतरी म्हणालं, "चौकोनी?" आणि मग हसू दाबायचा जो आवाज असतो तो आला, इकडून एक, तिकडून एक.

साहेबांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. दुसऱ्यांच्या मोजणीतल्या चुका काढण्यात हयात गेली. कोण कुठे चुकला, कुणाची साखळी ढिली, कुणाचा खुंटा हलला, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. आणि इथे स्वतःच्या दंडावर, स्वतःच्या पट्टीनं, स्वतःच्या नातीची वाट त्यांनी स्वतःच अडवली होती. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"आता काय?" त्यांनी विचारलं. आवाज एवढा बारीक झाला होता की डॉक्टरीणबाईंचा रागच गेला.

"आता पट्टी बंद. कागद बंद. शेक बंद."

"गार्डसाहेब बंद," काकू म्हणाल्या.

"तेही बंद. गार घडी, गोळी, आणि ही लाली उतरायला एक मलम देते. तेवढंच."

"पण मोजायचं कशानं?"

"डोळ्यांनी."

"म्हणजे अंदाजे?"

"अंदाजे."

साहेब त्या शब्दाकडे बघावं तसे समोर बघत राहिले. मग खरी भीती त्यांच्या तोंडून बाहेर पडली. "लेक पुढच्या आठवड्यात जातेय. पूर्ण डोस तर आता होत नाही. मग मी तिथे..."

काकूंनी दुसरीकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी साहेबांची फाइल चाळली. "पूर्ण डोस व्हायला अजून वेळ आहे, ते खरं. पण इतके महिने अगदीच वाया गेलेले नाहीत. जाऊन बघा. रोज गोळी घ्या, मांजराला झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा. दम लागल्यासारखं वाटलं तर हट्ट करायचा नाही, तडक बाहेर पडायचं आणि मला फोन. कबूल?"

"कबूल."

"आणि मांजराला चिकटपट्टी लावू नका."

लेक निघायच्या दिवशी साहेब तिच्या दारात उभे राहिले. मागे काकू, सामान घेऊन. आत नात, श्वास रोखून. उंबऱ्याशी फौजदार. त्यानं साहेबांची पिशवी हुंगली. चपला हुंगल्या. मग पायाभोवती एक चक्कर मारली, शेपटी पोटरीला घासत. साहेबांचं नाक वळवळलं. डोळे मिटले. लेकीनं रुमाल पुढे केला.

शिंक आली. मग दुसरी. तिसरी आली ती जरा लंगडत. सगळे चौथीची वाट पाहू लागले. काकूंनी सामान अर्धवट उचलून धरलेलं, ठेवावं की परत न्यावं. फौजदारसुद्धा मान वर करून बघत होता. चौथी नाकापर्यंत आली, विचार करत थांबली, आणि आल्या वाटेनं निघून गेली.

साहेबांनी उंबरा ओलांडला. आत येऊन खुर्चीत बसले. नात त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं पहिल्यांदा त्यांना आपल्या घरात बसलेलं नीट, डोळे भरून पाहिलं.

"आजोबा, आवडलं माझं घर?"

"फार," साहेब म्हणाले. आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. मांजरामुळे, असं त्यांनी काकूंना सांगितलं.

पुढचं इंजेक्शन त्यांनी तिथूनच जाऊन घेतलं. डोस एक पायरी वर गेला होता. परत येऊन ते कोचावर पडले, दंडावर गार पाण्याची घडी. नात शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि घडी उचलून आत डोकावली.

"सूज केवढी आहे, आजोबा? मोजू?" तिच्या हातात शाळेची नवी कोरी पट्टी होती. रक्ताचं नातं, दुसरं काय! साहेबांनी त्या पट्टीकडे पाहिलं. बोटं नुसती शिवशिवली त्यांची. कडा स्वच्छ, आकडे ठळक, वाकलेली कुठेच नाही. त्यांनी हात पुढे केला. मग तो मागे घेतला.

"नको. लिंबाएवढी आहे."

"केवढं लिंबू?"

"साधारण लिंबू."

स्वयंपाकघरात काकूंच्या हातून भांडं पडलं.

नात कोचाच्या कडेला बसली. फौजदार कुठूनसा आला, उडी मारून साहेबांच्या पायाशी वेटोळं करून झोपला. घरात एवढी माणसं त्याचे लाड करायला, पण त्याला जवळ बसायला हवे होते ते नेमके साहेबच. नात बराच वेळ पट्टी बोटांत फिरवत राहिली. मग तिनं खाली बघतच विचारलं, "आई आली की तुम्ही लगेच जाणार? किती दिवस राहिलेत आता?"

साहेबांना दिवस माहीत होता, वार माहीत होता, लेकीच्या परतीच्या बसची वेळ माहीत होती.

"काही मोजलं नाही अजून," ते म्हणाले.

नातीनं पट्टी दप्तरात टाकली आणि ती त्यांना टेकून बसली. फौजदारानं झोपेत कूस बदलली, आणि साहेबांना शिंक आली. एकच आली. ती मात्र त्यांनी मोजली.